दोन बोटं की तीन

इनबाई,

तुमची दुलई माझ्या मांडीवर आहे. शिवून होत आली, एकच ओळ राहिली आहे, आणि त्या ओळीच्या तोंडाशी तुमची सुई तुम्ही टोचून ठेवलीत तशीच आहे. तिच्यात वीतभर दोरा आहे. वेणू रोज विचारते, आई, एवढी एक ओळ कधी घालशील? मी म्हणते, घालते, उजेड बरा असला की घालते. मार्गशीर्षाच्या उन्हात बसून उजेड नाही म्हणणाऱ्या आईला ती बिचारी काही बोलत नाही. तुम्ही असतात तर बोलला असतात. "अवो बाप्पा, जंग चढन ना त्या सुईले. काहाडा तिले," असं ओसरीवरून ओरडला असतात. तुमच्या असल्या बोलण्याचा मला फार राग यायचा. आता तो राग यावा म्हणून जीव कासावीस होतो.

विहिणीसाठी रडायची एक रीत आहे. चारचौघींत बसायचं, पदर डोळ्यांना लावायचा, "लय चांगली होती माय" म्हणायचं आणि चहा आला की डोळे पुसायचे. तुमच्या तेराव्याला मला ती रीत जमली नाही. अकोटच्या तुमच्या ओसरीवर मी अशी रडले की तुमच्या भावकीतल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. परतताना गाडीत आमचे हे म्हणाले, "जिंदगीभर त तिच्या नावानं बोटं मोडली तू. आता काहून एवढी रडून राहिली?" मी म्हटलं, "आता कोणाच्या नावानं मोडू, ते सांगा." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांनाही तुम्ही आवडत होतात, फक्त माझ्यासमोर तसं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती.

वेणू माझी एकुलती एक लेक, तुमची थोरली सून. आपल्या दोघींत नातं तिचं आणि भांडण दुलईचं. मानपानाचं नाही, देण्याघेण्याचं तर नाहीच. पातळ कापसाच्या दुलईला शिवणीच्या ओळी किती अंतरावर घालायच्या, एवढ्यावरून आपण वेणूच्या लग्नापासून तुम्ही जाईपर्यंत भांडलो. तुम्ही म्हणायचात, दोन बोटं. मी म्हणायचे, तीन. तेही समोरासमोर फार थोडं. अकोट आणि वलगाव काय शेजारी नाहीत. बरंचसं भांडण वेणूच्या तोंडून झालं, आणि राहिलेलं अंजनगावच्या मोटरीतून संत्र्यांच्या टोपलीबरोबर, कुरड्यांच्या डब्याबरोबर आलं नि गेलं.

कोणाला सांगितलं तर हसू येईल. पण जिने दुलई शिवली आहे ती हसणार नाही. जाड रजईला ओळी कशाही घाला, कापूस आपल्या वजनाने जागच्या जागी बसतो. पातळ कापसाला आपलं असं बळ नसतं. ओळी दूर गेल्या की तो सरकतो आणि धुतला की गोळा होतो. ओळी फार जवळ आल्या की दोरा त्याला दाबून टाकतो, आणि दबलेल्या कापसात ऊब राहत नाही. या दोहोंच्या मधलं अंतर ज्या बाईला सापडलं, तिची दुलई नातवंडांपर्यंत जाते. आणि ते अंतर मोजायला बाईच्या घरात असतं काय? मीठ चिमटीने, डाळ मुठीने आणि ओळ बोटांनी.

तुम्हाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या मांडवात. रुखवत मांडलं होतं आणि सगळ्यांत वर दुलई ठेवली होती. वेणूला जड पांघरूण सोसत नाही, म्हणून मी पिंजाऱ्याकडून कापूस मुद्दाम हलका पिंजून घेतला होता आणि पातळ पसरला होता. फुगीर राहावी म्हणून ओळी चार बोटांवर घातल्या होत्या. तुम्ही आलात. भांड्यांकडे पाहिलं नाही, लाडवांकडे पाहिलं नाही. सरळ दुलई ओढलीत आणि दोन्ही हातांनी उजेडासमोर धरलीत.

"कापूस पातळ हाये, त्याचं काही नाई," तुम्ही साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणालात. "पण ओळी लय दूर घातल्या, इनबाई. पातळ कापसाले एवढी मोकळीक देऊ नाई. पोट्ट्यायवानी पयते तो."

बायका हसल्या. मी म्हटलं, "आमच्या घरच्या कापसाले वळण हाये. तो नाई पयत."

बायका आणखी हसल्या, पण या वेळी माझ्या बाजूने. तुम्हीही हसलात. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की उलट बोलणारी बाई तुम्हाला आवडते. पण मी पाहत होते तुमच्या हातातलं लुगडं. विहिणीचं मानाचं लुगडं म्हणून मी हिरवं, लाल काठाचं घेतलं होतं, अमरावतीला दुकानं पालथी घालून. तुम्ही त्याची घडी उलगडलीत, पदर मनगटावर पसरलात आणि म्हणालात, "पदर तोकडा वाटते." त्या दिवशी मला घास गेला नाही. लेक गेल्याचं दुःख होतंच, त्यावर तुमचा तोकडा पदर.

आणि झालं तुमचंच खरं. पहिल्या दिवाळीला वेणू आली तेव्हा दुलई बरोबर घेऊन आली. एकदा धुतली होती. कापसाचे कोपऱ्याकोपऱ्यात गोळे, आणि मधे नुसतं कापड. वेणूने जमिनीकडे पाहत सांगितलं, "सासूबाई म्हणत होत्या, पातळ कापसाले दोन बोटं ठेवत जा म्हणा." मी "हं" म्हटलं. पण ऐकलं. हे लक्षात ठेवा, मी ऐकलं होतं.

वेणूच्या पोटात गोदा होती तेव्हा तिच्यासाठी दुलई शिवायला घेतली. कापूस तसाच पातळ, अंगावर घेतली तरी पोराला कळू नये असा. दर ओळीला माझी दोन बोटं ठेवली आणि शिवत गेले. थंडीचे दिवस, मळ्यात मिरची तोडणीला आलेली, तरी दुपारी पेढी नदीच्या बाजूला ऊन धरून बसायचे. झाली तेव्हा हातात घेतली नि मला कळेना की हे काय झालं. पापडासारखी चपटी. दुमडली तर घडी पडेना. पण तुम्ही सांगितलं होतं, तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून पाठवली.

तुमचा निरोप काय आला? "इनबाईले विचार, हे पोरीच्या अंगावर घालाचं हाये का याच्यावर कुरड्या सुकवाच्या?"

इनबाई, त्या दिवशी मी चुलीवरची भाकर करपू दिली. दूर घातल्या तर नाव ठेवलं. सांगितलं तसं जवळ घातल्या तर नाव ठेवलं. मी ठरवून टाकलं की या बाईला सून आमची चालते, हात आमचा चालत नाही. मग मी माझ्या मनाने एक दुलई शिवली, तीन बोटांवर. ती बरोबर आली. हलकी, ऊबदार, आणि धुतली तरी कापूस जागचा हलला नाही. मी वेणूबरोबर उलटा निरोप धाडला, "सांग तुया सासूले, पातळ कापसाले तीन बोटं. माया डोयानं पाहून सांगतो म्हणा." तुमचं उत्तर आलं, "तीन बोटं म्हंजे कापसाले गावभर फिराले सोडनं. दोनच."

तिथून पुढे आपण दोघी हटलो नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी तुमच्याबद्दल मळ्यातल्या बायांना सांगायचे. तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणायचात तेही माझ्या कानावर यायचं. "वलगावच्या मिरचीले पाणी कमी पडलं का ते अशीच तिखट होते." गोदा बोलायला लागली तेव्हा तिला कोणी विचारलं की तुझी अकोटची आजी कोणती, तर ती दोन बोटं वर करायची. वलगावची कोणती विचारलं की तीन. माणसं पोट धरून हसायची. तुम्ही तिला ते शिकवलंत, की ती आपली आपण शिकली, हे विचारायचं राहून गेलं.

गोदा झाल्यावर मी तुमच्या घरी आले. तोवर येणं झालं तरी उंबऱ्याबाहेर बसायचे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आईने पिऊ नये, ही आपली रीत. अकोटच्या उन्हात घशाला कोरड पडली तरी मी बरोबर आणलेल्या तांब्यातलंच पाणी प्यायचे, आणि तुम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं करायचात. त्या दिवशी मात्र तुम्ही दारातच उभ्या होतात. हातात पाण्याने भरलेला पितळी गडवा. मी पाय धुतले, वर आले, आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. माझं सगळं मनगट तुमच्या मुठीत दिसेनासं झालं. "आता त प्या," तुम्ही म्हणालात. "कवाचं भरून ठेवलं हाये." मी प्यायले. तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, हेही तेव्हाच कळलं, पण ते मी सांगितलं नाही. तुम्ही मनगट सोडलं नव्हतं.

त्या मुक्कामात तुम्ही मला तुमची दुलई दिलीत, जुन्या धोतराची खोळ घातलेली. मी झोपताना इतकी सुखात होते, इनबाई, की सकाळी वेणूला मला हलवून उठवावं लागलं. माझ्या आईनंतर मला असं कोणी पांघरूण घातलं नव्हतं. खोळ काढून ओळींना बोटं लावून पाहायचा मोह झाला. झाला आणि आवरला. मोजणं म्हणजे हरणं. सकाळी तुम्ही विचारलंत, "थंडी त नाई वाजली?" आणि मी म्हटलं, "ठीक होतं." ठीक! तुम्ही नुसत्या मान हलवून शेणाच्या पाटीकडे गेलात. हे एक तुम्हाला सांगायचं होतं. फार ऊब होती.

दुसरंही एक आहे. वेणूचं दुसरं बाळंतपण पुरं झालं नाही, तेव्हा तुमच्या ओसरीवर एका बाईने तोंड सोडलं होतं. मळ्यातली वेल आहे, काळ्या जमिनीत धरत नाही, असं काहीतरी. तुम्ही तिच्यासमोरची चहाची कपबशी उचललीत आणि म्हणालात, "मायी सून पडून हाये आतमध्ये. तुले वेलीचं बोलाचं असन त वावरात जाऊन बोल." हे मला वेणूने पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तुम्ही मला एका अक्षराने कळवलं नाहीत. त्याच महिन्यात तुमचा निरोप आला होता तो एवढाच की, "इनबाईले म्हणा, दोन." मी रागावून चार शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, तुम्ही मला एवढंच कळवत होतात की घर ठिकाणावर आहे, काळजी करू नका.

मग या पावसाळ्याच्या शेवटी तुम्ही स्वतः वेणूला घेऊन आलात. पुन्हा दिवस गेलेले, आणि या खेपेला तुम्ही तिला कोणाबरोबर पाठवायला तयार नव्हतात. लढाईमुळे पेट्रोल नाही, अंजनगावची मोटर बंद, म्हणून अकोल्यापर्यंत कोळशावर चालणारी गाडी आणि पुढे आगगाडी. आलात तेव्हा तुमचं कपाळ काजळीने काळं झालं होतं. मी हसले. तुम्ही पदराने तोंड पुसून काजळी आणखी पसरवलीत आणि माझ्याकडे पाहून तुम्हालाही हसू फुटलं. ओसरीवर बसून चहा घेतलात. वावरात निंदण होतं, त्याच दिवशी परत जायचं होतं.

"दिवाई झाली का मी येईन," तुम्ही म्हणालात. "चार दिवस राहीन तुमच्या घरी. बाळाची दुलई आपण दोघी शिवू. एकच दुलई. मी माया टोकाकून, तुमी तुमच्या टोकाकून. मधात भेटू तवा समजन कोणाचं खरं."

मी म्हटलं, "दोन्हीकून शिवत आणलं का मधात चुण्या पडतात."

"पडू द्या. तेवढी जागा गरम राहीन."

"पोराची माय पोरीच्या घरी चार दिवस राहाते म्हणून लोक हासतीन."

"हासू द्या ना बाप्पा. त्यायचे दात दिसतीन, आपलं काय जाते?"

बैलबंडीत बसताना तुम्ही पुन्हा सांगितलंत, कापूस मी घरचा आणते, पिंजून आणते, माझी अर्धी तिकडूनच शिवून आणते, तुम्ही उगाच नवं कापड शोधत फिरू नका, कंट्रोलमध्ये मिळत नाही. मी म्हटलं, "या त खरं." माझ्याकडून तुम्हाला ऐकू गेलेलं तेवढंच शेवटचं. मी दिवाळीनंतरची वाट किती पाहत होते, हे माझं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाहुण्यांची उशी उन्हात घातली होती. वेणूला म्हटलं होतं, तुझ्या सासूला आमचं पाणी गोड लागेल, बघ.

दिवाळी झाली आणि ताप आल्याचा निरोप आला. त्याच्या मागोमाग दुसरा निरोप आला.

वेणूला या अवस्थेत नेता येईना. ती घरी रडत बसली, आणि आम्ही दोघं निघालो. तेराव्याचं आटोपल्यावर जावयांनी आतून एक गाठोडं आणलं. "आईनं वलगावले न्यासाठी बांधून ठेवलं होतं," एवढं म्हणून ते भिंतीकडे वळले. मी गाठोडं तिथे सोडलं नाही. मांडीवर घेऊन आले, गाडीत कोणी सरकवायला सांगितलं तरी खाली ठेवलं नाही.

घरी त्याची गाठ सोडली, तेव्हा आधी दिसले ते लाल काठ. वरचं कापड म्हणजे माझंच लुगडं होतं, इनबाई. ते तोकड्या पदराचं. मी समजत होते की तुम्ही ते पेटीच्या तळाशी टाकलं असेल, नाहीतर कोणा मजुरणीला दिलं असेल. हातात घेतलं तर लोण्यासारखं मऊ. पेटीत ठेवलेलं लुगडं असं मऊ होत नाही. अंगावर घालून, धुऊन, पुन्हा घालून, शेतात नि चुलीपाशी वापरून मगच होतं. हिरवा रंग विटून पार फिका झाला होता. वेणू म्हणाली, "आई, त्या त हेच नेसून वावरात जात होत्या सदानकदा. तुले ठाऊक नव्हतं?" मला कोण सांगणार? आपल्या निरोपांमध्ये फक्त बोटं असायची.

तर त्या लुगड्यात तुमच्या वावरातला कापूस, तळहाताएवढाही जाड नाही असा पसरलेला, आणि अर्ध्यापर्यंत तुमच्या ओळी. पुढे नुसते कच्चे टाके. मधे सुई.

शहाणी बाई असते तर तुमची सुई घेऊन तुमच्याच ओळींच्या पुढे गेली असती. मी तसं केलं नाही. मी दुलई फिरवून घेतली, माझी सुई काढली, आणि माझ्या टोकापासून तीन बोटांवर पहिली ओळ घातली. वेणू म्हणाली, "आई, आता तरी!" तिला कसं सांगू? मी दोन बोटांवर आले असते तर भांडण मिटलं असतं. भांडण मिटलं असतं तर तुम्ही गेलात हे खरं झालं असतं. तीन बोटांवर शिवत होते तोवर समोरच्या टोकाला तुम्ही बसलेल्या होतात, पाय पसरून, दोरा दाताने तोडत. मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होते. पाहा, माझ्या ओळी कशा मोकळ्या पडतात. तुमच्या पाहा, एकमेकींच्या अंगावर.

आठवड्यापूर्वी एका दुपारी तुमच्या ओळींपाशी पोहोचले. मधे एका ओळीपुरती जागा राहिली, आणि चुण्या पडल्या नव्हत्या. मग तुम्हाला बोलावं म्हणून, खरंच बोलावं म्हणून, मी तुमच्या दोन ओळींच्या मधे माझी बोटं ठेवली. म्हटलं, दोन बसतील, तिसरं बाहेर राहील, मग ऐकवते तुम्हाला. तीन बसली.

पुढच्या ओळीत ठेवली. तीन. त्याच्या पुढच्या. तीन. टोकापर्यंत गेले.

मला वाटलं, तुम्ही माझं ऐकलंत. तापाआधी, दिवाळीच्या गडबडीत, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही आपला हट्ट सोडलात आणि वलगाववाल्या इनबाईच्या मापाने शिवायला बसलात. दुलईत तोंड खुपसून मी मोठ्याने रडले. वेणू धावत आली. तिला मी ओळी दाखवल्या. "पाह्य, तुया सासूनं शेवटी तीन बोटं ठेवली. मायासाठी."

वेणूने वाकून ओळी पाहिल्या. मग म्हणाली, "नाई आई. त्या दोनच बोटं ठेवत होत्या. मी समोर बसून पाह्यलं नाई का एवढे वर्ष?" आणि मग तिने माझा हात उचलून आपल्या हातात घेतला. "तू त्यायचा हात पाह्यला होता का कधी? बांगड्या भराले बसल्या का कासार घामाघूम होये. अंगठी कोणतीच बसे नाई त्यायले."

इनबाई, मला ते मनगट आठवलं. तुमच्या मुठीत बुडालेलं माझं मनगट. जन्मभर पऱ्हाटी वेचून, शेताच्या धुऱ्यावरचं गवत उपटून, जात्याचा खुंटा धरून झालेली तुमची बोटं. आणि माझी ही, फुलं गुंफणाऱ्या आईच्या पोटची, शेवंतीच्या देठासारखी. तुमची दोन म्हणजे माझी तीन. तुम्ही दोन सांगितलीत, मी माझी दोन ठेवली, आणि पापड झाला. तुम्ही म्हणालात की ही मुद्दाम करते. मी म्हटलं की ही मुद्दाम बोलते. इतकी वर्षं आपण एकाच अंतरावर ओळी घालत होतो आणि एकमेकींना शिव्या देत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. एकदा, फक्त एकदा तळव्याला तळवा लावून पाहिला असता तर पोरीसुद्धा हसल्या असत्या.

मी हसले. वेणूही हसायला लागली, पोट सांभाळत. आणि हसता हसता मी दाराकडे पाहिलं. हे सांगायला जे माणूस पाहिजे होतं, ते नव्हतं. दुःखात माणूस आठवतं, तेवढं मला ठाऊक होतं. हसू आलं असताना माणूस नसणं याला काय करायचं, ते कोणी शिकवलं नाही.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मात्र मला पाठ आहे. "मंग मायंच खरं ना? माप त मायंच होतं. तुमचीच बोटं बारीक, त्याले मी काय करू?" मी म्हटलं असतं, "बारीक नाई, बरोबर हायेत. तुमचीच फुगली हायेत." मग तुम्ही गोदाला बोलावून तिच्या हातावर माप घेतलं असतंत. चार दिवस आपण याच्यावरच काढले असते. रोडगे झाले असते, वांग्याची भाजी झाली असती, आणि लोकांचे दात दिसले असते.

आत्ता, तुमच्याशी हे बोलता बोलता, वेणूने आपली बोटं तुमच्या ओळींच्या मधे ठेवून पाहिली. तिची दोन बसतात आणि वर थोडी जागा उरते. तिसरं मावत नाही. ती म्हणाली, "आई, उद्या गोदा मले इचारन, पातळ कापसाले किती बोटं? त मी काय सांगू?"

गेल्या सगळ्या वर्षांत या प्रश्नाला माझ्या तोंडून एकच उत्तर गेलं होतं. मी दुलई जवळ ओढली. तुमची सुई कापडातून बाहेर काढली. जंग चढला नव्हता. तिला लागून तुमचा वीतभर दोरा होता, तो एका ओळीला पुरणार नाही, त्याला माझा दोरा जोडला.

"सांग, दोन," मी म्हटलं. "सासूनं शिकवलं म्हणून सांग."

ऐकलंत? घरात, लेकीसमोर, माझ्या तोंडाने म्हटलं.

हरली मी, इनबाई. आता या चार दिवस.